नऊ एकांचा वर्ग



वसंत व्याख्यानमालेत गणितावर व्याख्यान ठेवणे हे धाडस खरे; पण ते ऐकावयास आपण इतक्या संख्येने आलात, हे धाडस त्याहून मोठे. इतिहास, नाट्य, संगीत आणि राजकारण हे या हंगामाचे ठरलेले मानकरी. त्यांच्या पंगतीत आकडेमोडीचे पान मांडायचे, तेही दिवसभर उकाडा सोसून आलेल्या श्रोत्यांपुढे, म्हणून आम्ही विषय शक्य तितका आटोपशीर घेतला आहे. आज एकाच संख्येविषयी बोलावयाचे आहे. मात्र ती संख्या आटोपशीर नाही. ती अशी : १२३४५६७८९८७६५४३२१.

नेरूळकरांना आकड्यांचे भय वाटू नये अशी आमची समजूत आहे. जुने नेरूळ गाव सोडले, तर या शहराची आखणी आधी कागदावर झाली, भूखंडांना क्रमांक पडले आणि माणसे मागाहून राहावयास आली. येथे कोणाचे घर विचारले की वाड्याचे किंवा आळीचे नाव ऐकू येत नाही. सेक्टर अमुक, प्लॉट अमुक, इमारत अमुक, खोली अमुक असे चार आकडे ऐकू येतात. जे लोक आकड्यांत राहतात त्यांनी एक संध्याकाळ आकड्यांकडे पाहण्यात घालवावी, हे काही गैर नव्हे.

प्रथम ही संख्या वाचावी कशी? हल्लीचे आपले वाचन कोटीपाशी दमते. पण भास्कराचार्यांनी लीलावतीत, म्हणजे इसवी सन ११५० च्या सुमारास, अठरा स्थानांची नावे दिली आहेत. एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध. आपल्या संख्येत सतरा अंक आहेत. म्हणजे ती परार्धाच्या एक पायरी खाली उभी आहे आणि तिचे वाचन असे होते : एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आणि मग उतरण, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक. चढताना जेवढ्या पायऱ्या तेवढ्याच उतरताना. ही संख्या उलट वाचली तरी तीच राहते.

आता कोणी म्हणेल, अशी संख्या तर कोणीही लिहील. एकपासून नऊपर्यंत जावे आणि परत यावे, यात गणित कोठे आले? शंका रास्त आहे. गणित येते ते तिच्या जन्मात. ही संख्या म्हणजे १११११११११ या नऊ एकांच्या संख्येचा वर्ग आहे. घरी गेल्यावर पाटीवर किंवा वहीवर हा गुणाकार शाळेत शिकविलेल्या पद्धतीने करून पाहावा. यंत्रावर करू नये, कारण यंत्र उत्तर दाखवते आणि गंमत लपवते. नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीहून एक घर डावीकडे सरकलेली. बेरीज करावयास घेतली की उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एकच एक सापडतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. मधल्या रकान्यात नऊच्या नऊ ओळींची गाठ पडते. पुढे ओळी एकेक करून संपू लागतात, म्हणून बेरीज उतरू लागते. म्हणजे हे अंक कोणी हौसेने मांडलेले नाहीत. प्रत्येक अंक त्या रकान्यात किती ओळी भेटल्या त्याची नोंद आहे.

ही नोंद फाशांच्या खेळातही आढळते. दोन फासे टाकले तर दोनची बेरीज एका प्रकारे येते, तीनची दोन प्रकारांनी, चारची तीन प्रकारांनी. सातची सहा प्रकारांनी, आणि मग उतरत उतरत बाराची पुन्हा एकाच प्रकारे. आता सहा एकांचा वर्ग करून पाहा : १२३४५६५४३२१. फाशांचे सगळे शास्त्र त्या अकरा अंकांत ओळीने लिहिलेले आहे. अंकांची बेरीज छत्तीस, आणि दोन फाशांचे एकूण प्रकारही छत्तीस. नऊ बाजूंचा फासा असता तर आपली आजची संख्या त्याचा हिशेब झाली असती, आणि एकूण प्रकार झाले असते एक्याऐंशी. तो एक्याऐंशी ध्यानात ठेवावा; त्याचे काम पुढे आहे.

पण नऊवरच का थांबावे? दहा एकांचा वर्ग केला तर? येथे आपल्या शाळेतला जुना वैरी उभा राहतो, तो म्हणजे हातचा. मधल्या रकान्यात आता दहा एक जमतात. शून्य लिहावे लागते आणि हातचा एक डावीकडे जातो. तेथे नऊ बसलेले असतात, त्यांचे दहा होतात. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. तो पुढच्या आठाला गाठतो आणि त्याचा नऊ करून सोडतो. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ नाहीसा झाला, मध्ये दोन शून्ये शिरली आणि उलटसुलट सारखे वाचण्याचा गुणही गेला. तेव्हा आपली संख्या या माळेतली शेवटची निर्दोष संख्या आहे. तिच्यानंतर हातचा सुरू होतो.

अशा संख्यांना ज्यांनी नाव दिले आणि प्रतिष्ठा मिळवून दिली ते गृहस्थ आपल्या शेजारचेच. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूस झाला, माध्यमिक शिक्षण ठाण्यास झाले, आणि पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळ देवळाली येथे शाळामास्तर होते. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. आजच्या संख्येला आणि तिच्या भावंडांना त्यांनी ‘डेम्लो’ हे नाव दिले. ते कोणा ग्रीक पंडिताचे नाव असावे असे ऐकणाऱ्यास वाटते. प्रत्यक्षात ते मुंबईपासून तीस मैलांवरच्या, जी. आय. पी. रेल्वेवरील एका स्टेशनाचे नाव आहे, आणि ते स्टेशन म्हणजे आजचे डोंबिवली. तेथे त्यांना ही कल्पना सुचली, म्हणून संख्यांना स्टेशनाचे नाव. येथून ठाण्याची गाडी पकडावी, ठाण्यास बदलावी, की आपण त्या फलाटावर जाऊन उभे राहतो. ऑफिसच्या वेळी मात्र तेथे कल्पना सुचण्याइतकी जागा मिळेल, अशी हमी आम्ही देत नाही.

डेम्लो संख्येची त्यांची व्याख्या एकांच्या वर्गापुरती नव्हती. संख्येचे तीन भाग पाडावेत. मधल्या भागात एकच अंक, मग तो कितीही वेळा आलेला असो. पहिला आणि शेवटचा भाग यांची बेरीज केली तर तीही त्याच अंकाची पुनरावृत्ती निघावी. १६५ हे सर्वांत सोपे उदाहरण : एक आणि पाच मिळून मधला सहा. आपल्या संख्येत मध्ये नऊ, डावीकडे १२३४५६७८ आणि उजवीकडे ८७६५४३२१. बेरीज करा : ९९९९९९९९. एकांच्या वर्गातून निघणाऱ्या अशा संख्यांना त्यांनी ‘अद्भुत डेम्लो’ म्हटले. विशेषण थोडे उत्साही आहे, पण शाळामास्तरला उत्साह असावाच लागतो.

कापरेकरांची कीर्ती आज विशेषतः ६१७४ या चार अंकी संख्येवर उभी आहे. ती १९४९ सालची, आणि तिच्यावर इतके लिहिले गेले आहे की आम्ही येथे तिला नमस्कार करून पुढे जातो. आम्हांला त्यांच्या दुसऱ्या दोन कल्पनांशी काम आहे.

पहिली हर्षद संख्या. जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते ती हर्षद, म्हणजे आनंद देणारी. अठराचे अंक मिळवले की नऊ, आणि नवाने अठराला भाग जातो, अठरा हर्षद. आपल्या नेरूळचा पिन कोड घ्या, ४००७०६. अंकांची बेरीज सतरा. सतराने भागून पाहावे, तर सतरा गुणिले २३५७१ म्हणजे ४००७०७. अवघ्या एकाने हुकले! टपाल खात्याने आपल्याला एक क्रमांक पुढचा द्यावयास हवा होता असे मनात येते. पण तसे केले असते तर अंकांची बेरीज अठरा झाली असती आणि विषम संख्येला अठराने भाग कसा जाणार? आनंद दोन्हीकडून नाही.

आता मोठ्या संख्येकडे वळू. तिच्या अंकांची बेरीज एक्याऐंशी. सतरा अंकी संख्येला एक्याऐंशीने भाग जातो काय? जातो. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१. हा योगायोग नव्हे, हे आम्हांला विशेष सांगावयाचे आहे. नऊ एकांची बेरीज नऊ, म्हणून १११११११११ ला नवाने भाग जातो. भागाकार १२३४५६७९, ज्यात आठ तेवढा गहाळ आहे. मुळाला नवाने भाग गेला म्हणजे वर्गाला एक्याऐंशीने जाणारच. उलट बाजूने पाहिले तर गुणाकारात नऊ ओळींत नऊ नऊ असे एक्याऐंशी एक होते, आणि एकही हातचा गेला नाही, म्हणून ते सगळे एक्याऐंशी उत्तराच्या अंकांत शाबूत राहिले. दोन निरनिराळ्या वाटांनी आलेले दोन एक्याऐंशी एकाच दारात भेटतात. पहिल्या नऊ अद्भुत डेम्लो संख्यांत हा योग फक्त तीन ठिकाणी आहे : १, १२३२१ आणि आपली. मधल्या सगळ्या वंचित आहेत. एकशे एकवीसच्या अंकांची बेरीज चार. चाराने भागून पाहा.

दुसरी कल्पना स्वयंभू संख्यांची. कोणतीही संख्या घ्यावी आणि तीत तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. पंधरा घेतले तर पंधरा अधिक सहा, एकवीस. म्हणून पंधरा हा एकवीसचा जनक. पण काही संख्यांना असा जनकच मिळत नाही. वीस, एकतीस, बेचाळीस, त्रेपन्न या तशा. त्या स्वयंभू. कापरेकरांनी त्यांना आपल्या गावावरून देवळाली संख्या असेही म्हटले, आणि १९६३ साली त्यांवरची पुस्तिका स्वतःच छापली. आपला पिन कोड स्वयंभू नाही : ४००६८४ च्या अंकांची बेरीज बावीस, आणि दोहोंची मिळून ४००७०६. हा जनक आम्ही कागदावर शोधून काढला आहे, श्रोत्यांनी तपासून घ्यावा.

मोठ्या संख्येचा जनक शोधावयाचा म्हणजे सतरा अंकी अरण्यात शिरणे, असे वाटेल. पण नवाच्या हिशेबाने वाट निघते. आपली संख्या नवाच्या पाढ्यातली आहे, तेव्हा जनकही नवाच्या पाढ्यातला असावा लागतो, आणि त्याच्या अंकांची बेरीजही. सतरा अंकांची बेरीज फार तर एकशे त्रेपन्न. तेवढे वजा केले तरी फक्त शेवटचे तीन अंक हलतात. आधीचे चौदा जसेच्या तसे राहतात आणि त्यांची बेरीज पंचाहत्तर. आता पंचाहत्तर अधिक तीन अंकांची बेरीज, एवढेच उरले. एक्याऐंशी वजा करून पाहा : शेवटचे ३२१ जाऊन २४० आले. तीन, दोन, एक मिळून सहा. दोन, चार, शून्य मिळूनही सहा. म्हणजे १२३४५६७८९८७६५४२४० च्या अंकांची बेरीज एक्याऐंशी, आणि तोच आपल्या संख्येचा जनक. नव्वद आणि नव्व्याण्णव हे दोनच पर्याय उरतात, ते जुळत नाहीत. म्हणून जनक एकुलता एक. आणखी पाहा, एक्याऐंशीच्या पाढ्यातील संख्येतून एक्याऐंशी वजा केले, तेव्हा जनकही एक्याऐंशीच्या पाढ्यातला, आणि अंकांची बेरीजही तीच. बापही हर्षद, मुलगीही हर्षद.

येथे मात्र आम्ही सावध होतो. हर्षदत्वाला कारण होते. या जनकाला पूर्ण कारण नाही. नवाच्या नियमाने शेवटच्या तीन अंकांची बेरीज सहा, पंधरा किंवा चोवीस यांपैकी एक असावी इतके ठरते. ती सहाच निघाली, यात दैवाचा वाटा आहे. दुसरे उदाहरण तर निव्वळ दैवाचे आहे. आपल्या संख्येचे मूळ अवयव पाडले तर ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा असे निघतात. त्यावरून तिला एकूण किती संख्यांनी भाग जातो हे काढता येते : पाच गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे पंचेचाळीस. आणि एकपासून नऊपर्यंतच्या अंकांची बेरीज? तीही पंचेचाळीस! टाळ्या वाजवण्याचा मोह होतो. पण सहा एकांच्या वर्गाला हीच कसोटी लावा. त्याला २४३ संख्यांनी भाग जातो, आणि एकपासून सहापर्यंतची बेरीज एकवीस. नियम नव्हताच. अंकज्योतिषाची दुकाने चालतात ती या दोन गोष्टींत भेद न केल्यामुळे. तेथे योगायोग दाखवतात आणि दक्षिणा कारणाची घेतात.

आता मोठा आक्षेप. केंब्रिजचे हार्डी, ज्यांनी आपल्या रामानुजनांना ओळखले, त्यांनी १९४० साली प्रसिद्ध केलेल्या आत्मसमर्थनपर पुस्तकात अशा चमत्कारांचा समाचार घेतला आहे. ८७१२ ही २१७८ ची चौपट आणि ९८०१ ही १०८९ ची नऊपट. चार अंकी संख्यांत उलटलेल्या आकड्याच्या पटीत असणाऱ्या एवढ्या दोनच. हे वर्तमानपत्रातील कोड्यांना ठीक, पण यात गणितज्ञाने गुंतावे असे काही नाही, असा त्यांचा अभिप्राय. कारण हे गुण संख्येचे नव्हेत, तिच्या वेषाचे आहेत. आपल्याला दहा बोटे म्हणून आपण दहाच्या पटीने लिहितो. आठ बोटे असती तर हे चमत्कार कोठे राहिले असते? हा आक्षेप खरा मानला, तर एका मास्तराने बत्तीस वर्षे शाळा सांभाळून उरलेला सगळा वेळ कपड्यांची नक्षी मोजण्यात घालवला असे म्हणावे लागेल. आणि तसे म्हणणारे आपल्याकडे होतेही. परदेशी मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा इकडे त्यांची विचारपूस वाढली. त्या वेळी त्यांना निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती आणि पेन्शन पुरेना म्हणून ते शिकवण्या करीत होते.

आमच्या मते हार्डींचा अभिप्राय ८७१२ ला लागू पडतो. आपल्या संख्येला तो लागू पडत नाही, आणि हे तपासून पाहता येते. वेष बदलून पाहू. चारच्या पटीने लिहिणारे लोक कल्पा. त्यांच्याकडे शून्य, एक, दोन, तीन एवढेच अंक. त्यांचे ‘१११’ म्हणजे सोळा, चार आणि एक, आपले एकवीस. त्याचा वर्ग आपल्या भाषेत ४४१. त्यांच्या भाषेत तो ‘१२३२१’ असाच लिहिला जातो. अंकांची बेरीज नऊ, आणि ४४१ ला नवाने भाग जातो, एकोणपन्नास वेळा. आठ बोटांच्या लोकांचे सात एक घेतले तरी वर्ग १२३४५६७६५४३२१ असा चढतो आणि उतरतो, बेरीज एकोणपन्नास, आणि भाग निःशेष. कोणत्याही पद्धतीत तिच्या सर्वांत मोठ्या अंकाइतके एक घ्यावेत, वर्ग करावा. तो उलटसुलट सारखा असतो आणि हर्षद असतो. कारणे वर सांगितली तीच. वेष बदलला आणि गुण टिकला, तर तो गुण वेषाचा कसा म्हणावा?

हर्षद संख्यांकडे पुढे विद्यापीठांतल्या लोकांनीही पाहिले. कूपर आणि केनेडी या दोघांनी १९९३ साली सिद्ध केले की लागोपाठच्या वीस संख्या हर्षद असू शकतात, एकवीस कधीही नाहीत. देवळालीच्या वर्गात सुरू झालेल्या प्रश्नाला एवढे सरळ उत्तर मिळावे, याचा हर्ष कापरेकरांना झाला असता. ते १९८६ साली वारले होते.

ही आवड काही नवीन नव्हे. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळी महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह रचला. एकापासून सहापर्यंत चढून क्रमाने उतरणारी संख्या, म्हणजे १२३४५६५४३२१, त्यात आहे. ती २७९९४६८१ ला ४४१ ने गुणून मिळते. १५२२०७ ला ७३ ने गुणून आठ एकांची ओळ काढण्याचे उदाहरणही आहे. अशा गुणाकारांना त्यांनी कंठाभरणे, गळ्यातले हार, म्हटले. भास्कराचार्यांच्या तीनशे वर्षे आधीची ही गोष्ट. आणि गंमत अशी की त्यांच्या गुणाकारातले ४४१ म्हणजे चार पटीच्या लोकांचे आपले ‘१२३२१’. याला कारण आहे की तो योगायोग, हे आम्ही श्रोत्यांकडे सोपवतो. कसोटी कोणती लावायची ते आता आपणांस ठाऊक आहे.

एकच गोष्ट उरली. नऊ एकांची संख्या फुटते कशी? नवाचे तीन त्रिक होतात, म्हणून ती १११ आणि १००१००१ यांत फुटते. एकांची संख्या फोडता येण्याजोगी असली की एकांची ओळही फुटते. एकांची संख्या मूळ असली म्हणजे ओळ मूळ राहतेच असे मात्र नाही : पाच एक ४१ आणि २७१ मध्ये फुटतात, सात एक २३९ आणि ४६४९ मध्ये. न फुटणाऱ्या ओळी फार विरळ. दोन एकांची अकरा, मग एकदम एकोणीस एकांची, मग तेवीसांची, मग ३१७ एकांची. त्यानंतरची १०३१ एकांची ओळ मूळ असल्याचे १९८६ साली सिद्ध झाले, आणि ४९०८१ एकांची २०२२ साली. अशा ओळी पुढे कोठे तरी संपतात की कधीच संपत नाहीत, याचा निकाल आजवर कोणालाही लावता आलेला नाही.